‘हा उभा कुठाय? टांगलाय ह्याला’ : एका पोझ-संग्रहाचं प्रकरण

वस्तादांनी कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा काढून परत पाहिला. कागदावर आमच्या चित्रकथेचा नायक होता. लाल माती, लंगोट, वाकलेले गुडघे, खडाखडीसाठी पुढे आलेले दोन्ही हात. एआयनं बनवलेला, आणि माझ्या मते झकास बनवलेला. पाठीवरचा घामसुद्धा चमकत होता.

"हा उभा कुठाय गे?" वस्ताद म्हणाले. "टांगलाय ह्याला. वरची दोरी सोड, बदकन पडतंय बघ."

मी परत पाहिलं आणि मलाही दिसलं. टाचा मातीला लागल्या होत्या, पण माती दबली नव्हती. दोन्ही पायांवर सारखंच वजन होतं, म्हणजे कुठल्याच पायावर नव्हतं. तीन आठवडे मी असे साडेसहाशे पैलवान टांगून ठेवले होते.

ते काम कसं सुरू झालं, कसं मोडलं आणि त्या जागी काय उभं राहिलं, त्याची ही नोंद. पात्रचित्रांसाठी पोझचे संदर्भ गोळा करणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट लिहिते आहे.

काम आणि तालमीचं दार

मी बेळगावात, शहापुरात राहते. शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, गणपतीच्या आराशीचे पडदे, जे मिळेल ते काढते. गेल्या वर्षी निपाणीच्या एका लेखक मित्राबरोबर चित्रकथा हाती घेतली. खानापूर तालुक्यातली भावंडं: भाऊ बेळगावच्या तालमीत, बहीण गावात शेती सांभाळणारी. काळ १९५६ च्या आसपासचा, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हाचा. छप्पन्न पानं, साधारण अडीचशे चौकटी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त चौकटींत कुणीतरी कुणाला उचलतंय, ओढतंय, दाबतंय, नाहीतर चिखलात वाकलंय.

पोझचे तयार संदर्भ बाजारात ढिगानं मिळतात. पण ते बहुतेक सगळे धरून ठेवता येणाऱ्या पोझचे असतात. हा फरक मला आमच्या चित्ररथांनी शिकवला. बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात होते आणि त्यानंतरच्या मिरवणुकीत गल्लोगल्लीची मंडळं सजीव देखावे उभे करतात. तलवार उगारून उभा राहिलेला पोरगा दहा मिनिटांत कोपर खाली सोडतो. म्हणून देखावा बसवणारे जाणते लोक त्याला तलवार उगारायला लावतच नाहीत, टेकवायला लावतात. फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या मॉडेलचंही तसंच. जी पोझ माणूस धरू शकतो तिचे हजार फोटो, आणि जी अर्ध्या सेकंदात येऊन जाते तिचा एकही नीट नाही. कुस्तीतले सगळे डाव या दुसऱ्या जातीचे.

सरळ तालमीत जाऊन बसावं आणि स्केच करावं, हा मार्ग होता. के. बी. कुलकर्णींसारख्या चित्रकाराच्या गावात राहून स्केचवही घेऊन बाहेर पडायचं नाही, ही लाजेचीच गोष्ट. पण आमच्या भागातली ती तालीम जुनी. आत बाईमाणसानं जायची रीत नाही. आता कितीतरी ठिकाणी मुली कुस्ती शिकतात, इथं मात्र अजून नाही. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर एआय हाताशी असताना वाद घालायची गरजच काय, असं मला वाटलं. माझी पहिली चूक ही. जिथं जायला संकोच वाटत होता तिथं जाणं टाळायचा रस्ता म्हणून मी ते यंत्र वापरायला घेतलं.

तीन भाषा येऊन उपयोग नाही

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी होता. त्यानं त्यावर स्टेबल डिफ्यूजन, म्हणजे शब्दांवरून चित्र बनवणारं एआय मॉडेल, बसवून दिलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे मॉडेल सगळ्यांना खुलं झालं, तेव्हापासून घरच्या मशिनवर अशी चित्रं निघू लागली. घरच्या मशिनवर, हे मला महत्त्वाचं वाटत होतं. का ते पुढे येईल.

मी मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही बोलते. प्रॉम्प्टला, म्हणजे काय चित्र हवं ते मॉडेलला लिहून सांगायचं त्याला, यातली एकही चालेना. ‘धोबीपछाड’ हे डावाचं नाव लिहिलं तर खरोखर धोबी आला, घाट आला, दगड आला. ‘भारतीय कुस्ती’ असं इंग्रजीत लिहिलं तर दोऱ्यांचं रिंगण आणि चकचकीत चड्डीतले टीव्हीवरचे मल्ल. ‘मातीतली कुस्ती’ म्हटलं तर चिखलात लोळणारे परदेशी लोक. भाचा म्हणाला, "मावशी, ह्याला ती माहीतच नाही तर काढणार कुठनं?"

त्याचं बरोबर होतं. ही मॉडेलं ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यावर उभी राहिली त्यात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत, आणि सुरुवातीची स्टेबल डिफ्यूजन मॉडेलं त्यातल्या सुमारे २३० कोटी इंग्रजी जोड्यांच्या भागावर शिकली. इंटरनेटवर ज्या चित्राखाली इंग्रजीत जे लिहिलेलं होतं, तेच त्याला ठाऊक. एकेरी पट काढणाऱ्या, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडणाऱ्या पैलवानाचा फोटो त्यात असेलही कुठेतरी, पण त्याच्याखाली ‘एकेरी पट’ असं कुणी लिहिलेलं नसणार.

बहिणीच्या पात्राचीही तीच गत. भाताची लावणी करणारी बाई मागितली की ती पाण्यात उभी राहून कुणाला तरी नमस्कार केल्यासारखी वाकायची. हातात रोपांची जुडी फुलांच्या गुच्छासारखी, साडी कोरडी, आणि पावसासाठी छत्री. लावणीला छत्री! माझं आजोळ खानापूरकडचं. लहानपणी मी बांधावर बसून लावणी पाहिली आहे. बायका कमरेतून घडी घातल्यासारख्या वाकतात, पाय फाकलेले, डोक्यावरून पाठीवर इरलं नाहीतर घोंगडीची खोळ. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताचा अंगठा रोपाचं मूळ चिखलात खोचतो आणि पाऊल मागे मागे जातं. लावलेलं तुडवायचं नाही म्हणून. मॉडेलच्या बायका सगळ्या पुढे चालत होत्या. कासोट्याचं तर विचारूच नका. नऊवारी म्हटलं की कधी पाचवारी, कधी धोतर, कधी दोन्हींच्या मधलं काहीतरी, ज्याचं दुसरं टोक कुठे खोचलंय ते शोधून सापडत नव्हतं.

सांगाडा, आणि त्याला नसलेलं पाऊल

शब्दांनी जमेना म्हटल्यावर भाच्यानं कंट्रोलनेट लावलं. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेली ही पद्धत आहे. मॉडेलला शब्दांबरोबर एक मार्गदर्शक चित्र द्यायचं: रेघांचं, खोलीचं (काय जवळ, काय लांब ते दाखवणारं) किंवा माणसाच्या सांगाड्याचं. त्या चौकटीत बसेल असंच चित्र ते बनवतं. सांगाडा काढायला ओपनपोझ. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेली प्रणाली, फोटोतल्या माणसाचे सांधे ओळखून ठिपके आणि रंगीत काड्या काढणारी.

मला हे पाहून आनंदच झाला. काड्यांचा माणूस मला हवा तसा वाकवायचा आणि वर मांस, कातडी, घाम मॉडेलनं चढवायचा. साडेसहाशे चित्रं इथलीच. फोल्डर डावांच्या नावांनी लावले: धोबीपछाड, ढाक, एकेरी पट, दुहेरी पट, कलाजंग. बोटं मोजून सहा निघाली की बाद, हात तीन निघाले की बाद. उरलेली संग्रहात. छाननी कडक केली असं मला वाटत होतं.

वस्तादांचं ते वाक्य ऐकून घरी आल्यावर मी सांगाडा नीट पाहिला. कंट्रोलनेटसाठी सर्रास वापरला जाणारा ओपनपोझचा सांगाडा अठरा ठिपक्यांचा. नाक, मान, दोन डोळे, दोन कान. खांदे, कोपरं, मनगटं. कंबरेचे दोन सांधे, गुडघे, घोटे. संपलं. घोट्याखाली काहीच नाही. टाच नाही, चवडा नाही, अंगठा नाही. ओपनपोझचा पंचवीस ठिपक्यांचाही एक प्रकार आहे, त्यात प्रत्येक पावलाला टाच, अंगठा आणि करंगळी असे तीन ठिपके मिळतात, पण मी वापरत होते तो तो नव्हता. म्हणजे मी मॉडेलला पैलवान देत होते घोट्यापर्यंत, आणि पाऊल ते स्वतःच्या मनानं चिकटवत होतं. पैलवानाची अर्धी कुस्ती त्याच्या चवड्यात असते. तोच भाग मी यंत्राच्या मर्जीवर सोडला होता.

दुसरी गोष्ट त्याहून मुळातली. सांगाडा सपाट असतो. तुमच्या दिशेनं सरळ आलेला हात कागदावर आखूड दिसतो, आणि मुळातच आखूड हातही आखूडच दिसतो. काड्यांत दोन्ही सारखेच. त्यामुळे पुढे झेपावणारे माझे पैलवान कित्येकदा थोटे निघाले होते, आणि ते मी ‘वेगळा कोन’ म्हणून ठेवून दिले होते. तिसरं, दोन माणसं एकमेकांत गुंतली की ओपनपोझ कुणाचा गुडघा कुणाला देईल याचा नेम नाही. कुस्तीत तर दोन माणसं गुंतलेलीच असतात!

साडेसहाशेपैकी एकाहत्तर ठेवली. तीही पोझ म्हणून नव्हे. कशासाठी ते शेवटी सांगते.

दारात बसून

दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि वस्तादांना म्हटलं की मला शिकवा. ते म्हणाले, "काय, कुस्ती?" म्हटलं, बघायला. जरा विचार करून त्यांनी उंबऱ्याबाहेर एक पोतं टाकलं. "चपला तिकडं काढ. हितं बस. आत येऊ नको आणि पोरांना हसवू नको." हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, दारापासून दहा-बारा फुटांवर. मला सगळं दिसत होतं. इतकं सोपं होतं ते.

चार दिवस मी फक्त पाहिलं. काढायला घेतलं तेव्हा वस्ताद मधूनच येऊन वहीत बोट ठेवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: "वजन कुठाय?" हात कुठे, मान कुठे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जोर काढणाऱ्या पोराच्या चित्रावर: वजन कुठाय? हौद्यात माती उकरणाऱ्याच्या चित्रावर: फावड्यावर की कमरेवर? एकदा दोघे नुसते मानेला मान लावून उभे होते, माझ्या दृष्टीनं काहीच घडत नव्हतं. वस्ताद म्हणाले, "त्या काळ्या लंगोटवाल्यानं वजन दुसऱ्याच्या अंगावर टाकलंय. तो दुसरा दमूलाय, बघ." दोन मिनिटांनी तो दुसरा खाली गेला.

आता चित्रीकरण. मी आत जाऊ शकत नव्हते, म्हणून मोबाइल भाच्याच्या हाती आणि सूचना माझ्या, दारातून. सेकंदाला २४० चौकटींवर स्लो मोशन. पहिल्या दिवसाचं सगळं वाया गेलं. तालमीत चोकवाली जुनी ट्यूबलाइट. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. साध्या डोळ्यांना ते कळत नाही, पण २४० चौकटींच्या चित्रणात एक चौकट उजळ, पुढची अंधारी, असा नुसता धडधडाट. मग सकाळी आठनंतर, दारातून ऊन हौद्यावर येतं त्या पाऊण तासातच घ्यायचं ठरलं. पोरांचा व्यायाम पहाटेच संपतो. त्यांना थांबवून ठेवायचं म्हणजे दूध-केळी आणणं आलं. संग्रहाच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा केळ्यांचा आहे.

परवानगीचं प्रकरण थोडक्यात, पण सांगायलाच हवं. अठरा वर्षांखालच्या कुणाचंही चित्रण नाही. बाकीच्यांकडून मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलेला कागद. तालमीत बैलहोंगलकडची दोन पोरं होती, ती तालमीला ‘गरडी’ म्हणतात. त्यांना मराठी बोलता येत होतं, वाचता नाही. कागदावर तीन गोष्टी होत्या: चित्रण ऑनलाइन जाणार नाही, त्यावर कुठलंही मॉडेल शिकवलं जाणार नाही, आणि कुणी नंतर नको म्हणालं तर ते पुसलं जाईल. म्हणूनच घरचं मशिन. लंगोटावरच्या पोरांचे व्हिडिओ कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचे आणि मग ‘फक्त संदर्भासाठी’ म्हणायचं, हे मला पटलं नसतं. एकाच्या आईनं नंतर नको म्हटलं. तिला कारण विचारलं नाही, पुसून टाकलं. चांगली धोबीपछाड गेली त्यात.

फोल्डर मोडले

एका धोबीपछाडीचे, पकडीपासून पाठ मातीला लागेपर्यंत, जवळजवळ तीनशे फोटो निघतात. त्यातला कुठला ठेवायचा? मी आधी सगळ्यात वरचा क्षण निवडत होते, माणूस हवेत आडवा असतो तो. कागदावर काढल्यावर तो मेलेला दिसायचा. तरंगणारा. टांगलेलाच की.

वस्तादांना मोबाइलवर एकेक चौकट पुढे सरकवून दाखवली. त्यांनी एका जागी थांबवलं. फेकला जाणारा अजून हवेत गेलेला नाही. त्याची एक टाच सुटली आहे, दुसऱ्या पायाचा अंगठा मातीत रुतलेला आहे, आणि फेकणाऱ्याचा पुढचा गुडघा दोघांच्या वजनानं खचला आहे. "हितं कुस्ती झाली," ते म्हणाले. "म्होरं नुसतं पडणं."

त्या दिवशी मी डावांच्या नावांचे फोल्डर मोडले आणि वजनाचे केले. पुढच्या पायावर. मागच्या पायावर. दोन्ही टाचांवर. दुसऱ्याच्या अंगावर. दुसऱ्याचं आपल्यावर. सुटतंय. जमिनीवर पसरलेलं. असे सातच. खाली पोटविभाग काहीही असोत.

याचा फायदा मी कल्पनाही केली नव्हती तिथे झाला. ‘दोन्ही टाचांवर’ या फोल्डरमध्ये पट काढायला बसलेल्याला वरून दाबणारा पैलवान होता. तोच खानापूरच्या चिखलात वाकलेल्या बहिणीच्या कामी आला, कारण टाचा रुतलेल्या चिखलात तोल सांभाळताना नितंब तसेच मागे जातात आणि पाठ तशीच सपाट होते. घागर उचलून कंबरेवर घेणारी बाई ‘सुटतंय’मध्ये सापडली. बहीण-भावाच्या अंगात एकच चण दिसावी असं लेखकाच्या मनात होतं आणि आम्ही ते चेहऱ्यांत शोधत बसलो होतो.

याच सुमाराला एडवर्ड मायब्रिजचे फोटो परत उघडले. पेनसिल्वेनिया विद्यापीठात काम करून त्यानं १८८७ साली माणसं आणि जनावरांच्या हालचालींचे ७८१ फलक काढले. त्यांत कुस्ती खेळणारेही आहेत, आणि एकच हालचाल एकाहून अधिक कोनांतून. हक्कांचा प्रश्न नाही, सगळं केव्हाच खुलं झालंय. पूर्वी मी ते चाळून सोडून दिले होते. आता ‘वजन कुठाय’ विचारत पाहिले तेव्हा दर फलकातली एकेक चौकट आपोआप पुढे यायला लागली. पाच-सहा तासांत मी साठेक चौकटी लावल्या, आणि त्याही या फोल्डरांत नीट बसल्या.

कलाजंग आणि शाडूची माती

एक डाव काही केल्या हाती लागेना. कलाजंगात एक पैलवान दुसऱ्याच्या खाली शिरून त्याला खांद्यांवर आडवा घेतो. त्या क्षणी खालच्याचं डोकं कुठे आहे, वरच्याचा दंड कुणाच्या हातात आहे, हे दारातून तर दिसत नाहीच, हौद्यात उभं राहूनही दिसत नाही. चार मोबाइल लावले तरी प्रत्येकात अर्धा भाग झाकलेला. चित्रकथेत मात्र मला तो खालून, प्रेक्षकांत पुढे बसलेल्या पोराच्या नजरेतून हवा होता.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दोन बाहुले घेऊन जुळवून पाहिलं. बाहुले एकमेकांत घुसतात. घुसू नयेत म्हणून जरा दूर केले की मध्ये फट दिसते. माणसाचं अंग दोन्ही करत नाही, ते दबतं. खांद्यावर पोट चपटं होतं, बरगड्या वर सरकतात. साध्या बाहुल्याला हे शिकवायचं तर महिना गेला असता.

आमच्या गल्लीत एक मूर्तिकार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. आषाढ संपत आला होता, त्यांच्याकडे गणपतींची रांग लागलेली. तरी त्यांनी ऐकलं, हसले, आणि शाडूचा एक गोळा आणि लाल मातीचा एक गोळा माझ्यापुढे ठेवला. "दोन रंगांचे कर, म्हणजे कुणाचा पाय कुणाचा ते कळंल. मला येळ न्हाई, तूच कर." वीतभर उंचीचे दोन माणूस. ओबडधोबड, बोटं नाहीत, चेहरा नाही. तालमीतली दोन पोरं समोर उभी राहून हळूहळू डाव लावून दाखवायची आणि मी माती दाबायची. जिथं अंगाला अंग लागलं तिथं माती आपोआप चपटी झाली. ब्लेंडरमध्ये जे जमत नव्हतं ते अंगठ्याच्या एका दाबात झालं.

मग त्या बाहुल्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो, खालूनही. त्या फोटोंवरून खोलीचे नकाशे काढले: जवळचं पांढरं, लांबचं काळं, मधलं करडं. कंट्रोलनेटला सांगाड्याऐवजी हे दिले. खोलीच्या नकाशात आखूड हात आणि तुमच्याकडे येणारा हात यांतला फरक राहतो, कारण पुढे आलेलं मनगट पांढरं पडतं. प्रॉम्प्टमध्ये डावाचं नाव घालायची गरजच उरली नाही. ‘दोन माणसं, लाल माती, बाजूनं ऊन’ एवढंच पुरलं. मॉडेलला कलाजंग अजूनही माहीत नाही, पण आता ते विचारलंच जात नव्हतं. पहिल्या तीसेक चित्रांत सहा कामाची निघाली. त्यांतही हात आणि पंजे मी पोरांच्या फोटोंवरूनच काढले.

मग एआय उरलं कशाला

बऱ्याच गोष्टींना, आणि हे मी मनापासून म्हणते. जिथं वजनाचा प्रश्न नाही तिथं ते मला फार उपयोगी पडलं. उजेड, पहिलं. तीच पोझ, तोच खोलीचा नकाशा, सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवून पहाटेचा उजेड, कंदिलाचा, पावसाळी, माथ्यावरचा. हे पोरांकडून करून घ्यायचं तर चार ऋतू थांबावं लागलं असतं. अंगकाठी, दुसरं. एकाच पोझवर बारीक, जाड, म्हातारा, पोरगेला. गर्दी, तिसरं: कुस्तीच्या फडाभोवती बसलेले शंभर लोक, ज्यांच्याकडे कुणी निरखून बघणार नाही. ती एकाहत्तर चित्रं इथं गेली. घामाची चमक कुठे पडते, ओल्या पाठीवर सावली कशी फाटते, हे त्यांच्यात खरोखर चांगलं होतं.

धुरकट चौकटींना अर्थ द्यायलाही त्याची मदत झाली. ऊन कमी पडलेल्या दिवसांचं चित्रण दाणेदार होतं. त्यातून खोलीचा नकाशा काढला की धडाचे मोठे आकार स्वच्छ उभे राहायचे, आणि चेहराही आपोआप गळून जायचा. आज संग्रहातलं आम्ही बाहेर जे काही देतो ते याच रूपात: करडी अंगं, ओळख नसलेली.

दर फाइलला तक्त्यात एक ओळ आहे: वजन, कोन, पायाचा टेका, वस्त्र, मूळ, परवानगी. ‘मूळ’ हा रकाना मी सगळ्यात जपते. त्यात ‘माणूस’, ‘माती’, ‘मायब्रिज’ नाहीतर ‘एआय’. ‘एआय’ लिहिलेल्या फाइलवरून सांधा, पंजा किंवा पाऊल काढायचं नाही, असा आमचा आपसातला करार आहे. लेखक मित्र चित्रं काढत नाही, तरी त्यानंही सही केलीय.

निपाणीच्या विडी कामगार बायकांचं एक प्रकरण पुढच्या भागात येणार आहे. बसून, मांडीवर सूप, तासन्‌तास. ‘जमिनीवर पसरलेलं’ या फोल्डरात सध्या चारच फाइली आहेत, तो आता भरेल. तिथं तरी उंबऱ्याबाहेर बसावं लागणार नाही.

चित्रकथेची पहिली बारा पानं पुरी झाली तेव्हा मी छापून तालमीत नेली. वस्तादांनी पुन्हा हातभर लांब धरली, पुन्हा जवळ आणली. कलाजंगाच्या पानावर बराच वेळ थांबले. खालच्या पैलवानाच्या चवड्यावर बोट ठेवलं, मान हलवली. मी श्वास सोडला.

"पोरगं उभं राहिलं," ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे वळवला. "पण कुठल्या तालमीचं म्हणायचं हे? कान तर शाबूत हायत."

मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. दोन्ही वळलेले, घट्ट, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. वर्षानुवर्षं डोकी घासून आत रक्त साकळलेले, मग तसेच घट्ट झालेले. मागे बसलेल्या पोरांपैकी थोरल्यांचेही तसेच, धाकट्यांचे अजून व्हायचे. बारा पानांवर माझ्या नायकाचे कान मात्र सोनाराच्या दुकानातल्या जाहिरातीसारखे.

तक्त्यात सध्या नवा रकाना घातलाय. वस्तादांचा डावा कान पहिल्या ओळीत आहे, परवानगीच्या रकान्यात त्यांची सही.